भुंगा वाजला की गाडी बाजूला

सात नंबरच्या बसमध्ये चढल्यावर माणसाने आधी दांडी धरावी, तिकिटाचं मग बघता येतं. कारण ती गाडी चालवणारी बाई ब्रेक मारते तेव्हा अगदी मनापासून मारते. रस्त्यात कुत्रं आलं, चेंडू आला, किंवा फाटकाआड पोरं खेळतायत म्हणजे चेंडू आता येईल अशी नुसती शंका आली, तरी करकचून ब्रेक. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका बदकासाठी तिने असा ब्रेक मारला की मागच्या बाकावरच्या गृहस्थांची टोपी पुढच्या काचेला येऊन लागली. बदक रमतगमत पलीकडे गेलं, आणि बाईचं नाव ब्रेकबाई पडलं ते आजतागायत.

तिला नावाचं वाईट वाटत नसे. "ॲक्सिलरेटरबाई म्हणाला असतात तर तोंड लपवायची वेळ आली असती," ती म्हणायची. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, आवाज असा की हॉर्नची गरज पडू नये. सीटवर स्वतःची उशी घेऊन बसायची. ती उशी नवऱ्याने कोटाच्या उरलेल्या कापडातून शिवून दिलेली. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, आणि खिडकीसमोरून सात नंबरचा रस्ता. वळणावर गाडी गियर बदलायची, त्या आवाजावरून तो मान वर न करता ओळखायचा की आज बायकोचं डोकं ठिकाणावर आहे की कुणाशी तरी वाजलंय. संध्याकाळी ती घरात आल्यावर चार शब्द बोलायचे की नुसता चहा पुढे सरकवायचा, हे त्याचं दुपारीच ठरलेलं असायचं.

आता भुंग्याचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यापासून सुरू झालं.

पूर्वी प्रत्येक बसला कंडक्टर होता. तो तिकिटं फाडायचा, म्हाताऱ्यांना हात द्यायचा आणि ड्रायव्हरला घंटी मारायचा. मग कंपनीला वाटलं, कंडक्टर म्हणजे नसता खर्च. कंडक्टर गेले, आणि स्टेअरिंगच्या बाजूला तळहाताएवढा एक पडदा आला. कागदोपत्री त्याचं नाव भलंमोठं होतं, ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही. तो दिवसभर गुणगुणायचा म्हणून ड्रायव्हरांनी त्याला भुंगा म्हणायला सुरुवात केली. स्टॉप आला, दाबा. स्टॉप सुटला, दाबा. गाडी जरा मागे पडली की डेपोतल्या कंट्रोल रूममधून विचारणा यायची: उशीर का? कारण कळवा. आणि कारण लगेच कळवायचं, नाहीतर नावापुढे लाल खूण. म्हणजे भर गर्दीत, माणसांनी खचाखच भरलेली गाडी हाकताना, एका बोटाने कारणं लिहीत बसा. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याने कधी बस चालवली नसणार, आणि मला विचाराल तर बसमध्ये बसलाही नसणार.

सगळे ड्रायव्हर कुरकुरत का होईना, दाबायचे. त्यात एक पैलवान होता. अंगाने धिप्पाड आणि स्वभावाने इतका गरीब की साहेबाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. एका दुपारी बाजाराच्या कोपऱ्यावर तो भुंग्याला उत्तर देत होता आणि बस दिव्याच्या खांबावर जाऊन आदळली. त्या खांबाला टेकून एक फुलवाला बसायचा. तो नेमका पाणी आणायला गेला होता, म्हणून वाचला. त्याच्या बादल्या मात्र चेपून पत्रा झाल्या.

मग चौकशी झाली. "लगेच उत्तर द्या, लगेच उत्तर द्या" असं ओरडून ज्या डेपोच्या साहेबाने स्वतःचा घसा बसवून घेतला होता, तोच साहेब चौकशीत शांतपणे म्हणाला, "चालत्या गाडीत यंत्राला हात लावायचा नाही असा कायदा आहे. याने का लावला?" आणि कायदा होता, यात खोटं काही नाही. नवाच आला होता. चाकं फिरत असताना चालकाने फोन म्हणा, पडदा म्हणा, कसलंही यंत्र हाताळायचं नाही. हाताळलं तर लायसन्स जप्त. पैलवानाचं उत्तर भुंग्याच्या पडद्यावर तसंच होतं. पुरं झालेलं नव्हतं. "रस्त्यात गर्दी आ" एवढंच.

पैलवानाचं लायसन्स गेलं. त्याला डेपोच्या मागच्या अंगाला, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. लोक बसमध्ये विसरून गेलेल्या छत्र्या, टोप्या आणि एकेकटे हातमोजे यांच्या गराड्यात तो दिवसभर बसून असायचा. ब्रेकबाई त्याला भेटायला गेली तेव्हा तो म्हणाला, "बाई, मी त्यांनी सांगितलं तेच करत होतो हो." बास. त्या एका वाक्याने तिचं डोकं फिरलं ते फिरलंच.

ती तडक साहेबाच्या खोलीत गेली.

"साहेब, एक सांगा. भुंग्याला उत्तर द्यायचं की नाही?"

"द्यायलाच हवं."

"आणि कायदा?"

"अहो बाई, कायदा फोनबिनसाठी आहे. हे कंपनीचं यंत्र आहे."

"यंत्र कंपनीचं, कबूल. डोळे माझे आहेत ना? दोनच आहेत. रस्त्यावर ठेवू की तुमच्या यंत्रावर?"

"दोन्हीकडे ठेवा."

"पैलवानाने ठेवले होते," ती म्हणाली, आणि उशी काखेत मारून निघून गेली.

साहेब तसा वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावरही एक भुंगाच होता म्हणा ना. तो वरचे साहेब वाजवायचे. त्याने आपला ताप खाली ढकलला, खालच्यांनी त्यांच्या खाली ढकलला, आणि ड्रायव्हरच्या खाली कोण? तर रस्त्यावरून चालणारी माणसं. ब्रेकबाईने मनाशी ठरवलं की हा ताप माझ्या गाडीपाशी थांबणार.

दुसऱ्या दिवशी बाजार ओलांडला आणि भुंगा वाजला. तिने इंडिकेटर दिला, मागचं-पुढचं बघितलं, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. गाडीत एकदम शांतता झाली. तिने पर्समधून चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला आणि भुंगा वाचला.

"सात नंबर, उशीर का? कारण कळवा."

तिने एक-एक अक्षर हुडकून लिहिलं: "रस्त्यात गर्दी आहे, मॅडम." वाक्य पुरं केलं. पूर्णविरामसुद्धा दिला. चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, आरशात बघितलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. हॉस्पिटलचा स्टॉप येतो न येतो तोच भुंगा परत वाजला. परत गाडी बाजूला, परत चष्मा.

"मघाशी का थांबलात? कारण कळवा."

"तुमचा मेसेज वाचायला, मॅडम."

"आता का थांबलात?"

"हा मेसेज वाचायला, मॅडम."

या मॅडम कोण, हे सांगितलं की हसू येईल. कंट्रोल रूममध्ये सात नंबरच्या पडद्यासमोर बसायची ती ब्रेकबाईची सून. सख्खी, घरातली, एका चुलीवरची. मुलगा दुसऱ्या गावी पूल बांधायच्या कामावर, म्हणून घरात हे तिघंच. सुनेला ही नोकरी फार वाट पाहून लागली होती. अजून कच्ची होती. वर्षअखेरीला पक्की होणार, तीही तिच्या पडद्यावर लाल खुणा कमी दिसल्या तर. म्हणजे सासू जितकी थांबणार तितकं सुनेचं लाल होणार. आणि सून सासूला दिवसभर अधिकृतपणे विचारणार, उशीर का, कारण कळवा. अशी संधी दुसऱ्या कुठल्या सुनेला मिळालीय? डेपोत लोक पोट धरून हसायचे.

घरात मात्र एक रीत होती. ऑफिसचं भांडण घरच्या नात्यात आणायचं नाही. पण जीभ दोघींच्याही तिखट, गप्प कोण बसणार? म्हणून त्या ऑफिसातल्या माणसांविषयी परकं असल्यासारखं बोलायच्या, आणि तेही शिंप्यामार्फत.

पहिल्याच संध्याकाळी सून ताटं मांडता मांडता म्हणाली, "बाबा, त्या सात नंबरच्या ड्रायव्हरबाई आहेत ना, त्यांना जरा समजावून सांगा. तुमची ओळख आहे म्हणे."

"अहो," ब्रेकबाई बटाटे सोलत म्हणाली, "कंट्रोल रूममध्ये एक बाई बसते, तिला सांगा बोट जरा आवर. घरात भांडी घासताना एवढं चालत नाही ते बोट."

"त्या ड्रायव्हरबाई फार हट्टी आहेत, असं ऐकलंय."

"ती कंट्रोल रूमची बाई फार आगाऊ आहे, असं मीही ऐकलंय."

"मी कपडे शिवू की टपाल वाटू?" शिंपी म्हणाला, आणि तिघंही हसले. त्या दिवशी हसण्यावर निभावलं.

पुढे निभावेना. सात नंबर आता इतक्या उशिरा यायची की लोकांनी आधी आरडाओरडा केला. एक पेन्शनर आजोबा होते, त्यांचा जन्मच तक्रार करण्यासाठी झाला होता. ते उठून पुढे आले. "बाई, हा काय पोरखेळ चाललाय? मला डॉक्टरकडे पोचायचंय!"

ब्रेकबाईने सीटवरून मागे वळून अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ऐका सगळ्यांनी. हा भुंगा मला विचारतो, उशीर का. याला उत्तर द्यायचं म्हणजे रस्त्यावरची नजर काढायची. कुणाला चालणार असेल तर हात वर करा, मी न थांबता उत्तर देते. पण उतारावर शाळा आहे, ते ध्यानात ठेवून हात वर करा."

कुणाचाच हात वर झाला नाही. आजोबा जागेवर जाऊन बसले आणि आता भुंग्याची तक्रार करू लागले. त्यांना काय, विषय मिळाल्याशी कारण. हळूहळू लोकांना सवय झाली. भुंगा वाजला की मागूनच कुणीतरी ओरडायचं, "घ्या बाजूला!" कुणी मटार सोलून घ्यायचं, कुणी मुलाचा अभ्यास उरकायचं. ज्याच्या बादल्या चेपल्या तो फुलवालाही याच गाडीने यायचा. तो कधी घाई करत नसे. गाडी थांबली की तो खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत बसायचा.

एका संध्याकाळी सुनेने ताटं मांडली नाहीत. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि शिंप्याला मध्ये न घालता सरळ बोलली. "आई, साहेबांनी आज सांगितलं. हे असंच चाललं तर तुम्हाला गाडीवरून काढून त्या हरवलेल्या वस्तूंवर बसवणार. आणि मला पक्कं करणार नाहीत. तुम्हाला माझ्या नोकरीचं काहीच वाटत नाही का?"

"वाटतं ना. रोज वाटतं," ब्रेकबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "आणि गाडीवरून उतरवलं तर मी कशी जगेन, तेही मला माहीत नाही. पण मला एवढं सांग, मी कायदा मोडला?"

"नाही."

"उत्तर दिलं नाही?"

"दिलंत. प्रत्येकाला दिलंत."

"साहेब म्हणतो उत्तर दे, मी देते. कायदा म्हणतो चालत्या गाडीत हात लावू नको, मी लावत नाही. दोघांचंही ऐकते. आता दोघांचं ऐकलं की गाडी पोचत नाही, यात माझी चूक की त्यांची? उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं तर तोच साहेब विचारेल, का लावलास हात? पैलवानाला विचारलं तसं. मी नाही कुणासाठी लावणार. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

सुनेचे डोळे भरून आले. रागाने की कशाने, ते तिलाही कळलं नसावं. त्या रात्री ताटं शिंप्यानेच मांडली.

आठवडाभराने साहेब स्वतः सात नंबरमध्ये चढला. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसला, फोन कानाला लावला आणि कंट्रोल रूमला म्हणाला, "मी गाडीत आहे. सांगेन तेव्हा पाठव." गाडी बाजार आणि हॉस्पिटल सोडून उताराला लागली. खाली शाळा, शाळेपुढे पांढरे पट्टे. "हां, पाठव आता," साहेब म्हणाला.

भुंगा वाजला. ब्रेकबाईने इंडिकेटर दिला.

"थांबू नका!" साहेब तिच्या कानाशी ओरडला. "उत्तर द्या आणि चला!"

तिने ब्रेक मारला. नेहमीचा. साहेबाने दांडी धरली नव्हती. सवय नाही ना. तो समोरच्या खांबाला जाऊन चिकटला. हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून तिने पर्समधून चष्मा काढला.

"तुम्ही माझा हुकूम मोडताय!"

"साहेब, तुमचा हुकूम तोंडी आहे. पैलवानालाही तोंडीच होता, म्हणून तो छत्र्या मोजतोय. चालत्या गाडीत उत्तर द्या, असं तुमच्या नावाने भुंग्यावर लिहून पाठवा. मग बघू."

मागून आजोबा म्हणाले, "बरोबर आहे. लेखी द्या." सगळी गाडी म्हणाली, "लेखी द्या!"

साहेबाचा चेहरा लालबुंद झाला. आता माघार घेतली तर अख्ख्या बससमोर अब्रू जाणार. तो फोनवर ओरडला, "लिही! गाडी न थांबवता, चालता चालताच उत्तर द्यायचं. हा माझा हुकूम आहे!"

पलीकडून सुनेचा आवाज आला. फोनचा आवाज इतका मोठा होता की पुढच्या चार बाकांना ऐकू गेला. "साहेब, तुमचं नाव घालू?"

"घाल! नाव घाल, हुद्दा घाल!"

आता कंट्रोल रूमच्या टेबलावर प्रत्येक बसचं एकेक बटण असतं, आणि एका बाजूला एक मोठं बटण असतं, सगळ्या बसना एकदम कळवण्याचं. पूर आला, रस्ता खचला, तर वापरायचं. सुनेने हुकूम शब्दाला शब्द लिहिला, नाव घातलं, हुद्दा घातला. आणि मोठं बटण दाबलं.

गावभर रस्त्यावर होत्या नव्हत्या त्या सगळ्या बसमध्ये भुंगे एकदम वाजले. ड्रायव्हरांनी बघितलं. तीन नंबरचा ड्रायव्हर तर इतके दिवस ब्रेकबाईची नक्कल करून डेपोत सगळ्यांना हसवायचा. त्याने तो हुकूम वाचला, त्याला पैलवान आठवला, आणि त्याने मुकाट्याने इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली. त्याच्या मागची नऊ नंबर थांबली. पुलावरची पाच नंबर पूल उतरून थांबली. जो तो हँडब्रेक ओढून एका बोटाने लिहू लागला: "उत्तर द्यायला थांबलो आहे." बाजारातल्या चौकात वाहतूक पोलीस शिट्टी फुंकून दमला. शेवटी तीन नंबरमध्ये चढून म्हणाला, "काय संप आहे का?" ड्रायव्हरने बोटाने भुंगा दाखवला. पोलिसाने तो दोनदा वाचला. "हे नाव कुणाचं?" त्याने विचारलं, आणि खिशातलं पेन काढलं.

व्हायचं ते झालं. साहेबाला वाहतूक खात्याचं बोलावणं आलं, वरच्या साहेबांचं त्याच्याही आधी आलं. कायदा मोडा असं स्वतःच्या नावाने अख्ख्या गावाला कळवणारा माणूस म्हणून त्याची कीर्ती झाली. मग त्याने एकच वाट धरली: मी असं बोललोच नाही, त्या पोरीने मनाने लिहिलं. आणि ब्रेकबाईला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"बाई, बसा. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं की गाडीच्या आवाजात तुम्हाला काही ऐकू आलं नाही. सात नंबर तुमचीच राहील. तुमच्या सुनेची नोकरी नाहीतरी कच्चीच आहे."

ब्रेकबाई बसली नाही. "इंजिन मी बंद केलं होतं, साहेब. आवाज तुमचा एकट्याचाच होता. या कानाशी ओरडत होतात, हा कान अजून गुणगुणतोय."

"विचार करा. गाडी जाईल."

"जाऊ दे. सुनेने जे लिहिलं ते तुम्ही बोललात. मी तिथे होते आणि मी ते विचारेल त्याला सांगणार. दार उघडा, मला गुदमरायला होतंय."

चौकशी संपेपर्यंत सून घरी बसली, आणि ब्रेकबाई आपली उशी घेऊन पैलवानाशेजारी खिडकीत. सात नंबरवर दुसरा माणूस आला. गाडी वळणावर गेली की शिंप्याचं मशीन थांबायचं. त्याला त्या गियरच्या आवाजात काही वाचता येत नसे. घरात सासू-सून बटाटे सोलत बसायच्या. "बोट चुकलं हो माझं," सून म्हणायची. "चुकतं कधी कधी," ब्रेकबाई म्हणायची. दिवसा मात्र हातमोज्यांच्या जोड्या लावताना तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, आणि तिथे ब्रेक नसायचा. तिला फार, फार वाईट वाटायचं. पैलवान ते बघायचा आणि तोंड फिरवायचा.

एका सोमवारी सकाळी खिडकी उघडली तर बाहेर आजोबा उभे, आणि त्यांच्या मागे फुलवाला.

"काय हरवलंय?" पैलवानाने नेहमीसारखं विचारलं.

"ड्रायव्हर," आजोबा म्हणाले.

"काय?"

"सात नंबरची ड्रायव्हर. ठेंगणी आहे. आवाज फाटका. ब्रेक असा मारते की कवळी हातात येते. तुमच्याच डेपोत हरवलीय."

पैलवानाने नोंदवही पुढे ओढली. नोकरीचा नियम तो कधी चुकवत नसे. "काही खूण?"

"कोटाच्या कापडाची उशी," मागून फुलवाला म्हणाला.

पैलवानाने मागे बघितलं. ब्रेकबाई हातमोजा हातात धरून उभी होती, आणि ज्या बाईच्या आवाजापुढे हॉर्न फिका पडायचा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. "खूण पटली," पैलवान म्हणाला. "पुढचे या. तुमचं काय हरवलंय?"

"तेच," फुलवाला म्हणाला.

त्याच्या मागच्या बाईचंही तेच हरवलं होतं, तिच्या मागच्या मुलीचंही. रांग खिडकीपासून गाड्या धुवायच्या जागेपर्यंत, तिथून फाटकापर्यंत आणि फाटकातून बाहेर रस्त्यावर गेली. गाड्यांना बाहेर पडायला वाट उरली नाही. ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली आणि खाली उतरून तेही रांगेत उभे राहिले. तीन नंबरचा सगळ्यात आधी. साहेब कानाला फोन लावून धावत आला. वरचे साहेब फोनवर काय विचारत होते ते सगळ्यांना कळत होतं. उशीर का? कारण कळवा.

"हा काय तमाशा आहे?" तो ओरडला.

तोवर ब्रेकबाईला तिचा आवाज परत सापडला होता. "साहेब, मध्ये घुसू नका, रांगेत या. तुमचा नंबर आला की विचारू, तुमचं काय हरवलंय."

सगळं काही गोड झालं असं मी म्हणणार नाही. पैलवानाचं लायसन्स परत आलं नाही. साहेब साहेबच राहिला, आणि कुणी कुणाची माफी मागितली नाही. सुनेला परत घेतलं, पण पक्कं करायचं वर्षभर पुढे ढकललं. मात्र रांगेतल्या माणसांनी गाडीत जे ऐकलं होतं ते चौकशीत सांगितलं, एकाने नाही, गाडीभर लोकांनी, आणि वाहतूक खात्याने कंपनीला असा दम भरला की भुंगा बदलला. आता चाकं फिरत असली की तो मुका. गाडी शेवटच्या स्टॉपला लागून हँडब्रेक ओढला की मगच वाजतो.

ब्रेकबाई परतली त्या दिवशी तिने उशी सीटवर ठेवली, दोनदा थापटली आणि गाडी काढली. वळणावर गियर बदलला तेव्हा शिंप्याचं मशीन थांबलं नाही. बाजार गेला, हॉस्पिटल गेलं. शाळेच्या उतारावर एक पोरगी दप्तर सांभाळत एकदम पट्ट्यांवर आली. करकचून ब्रेक लागला, आजोबांनी कवळी सावरली, पोरगी हात हलवून पलीकडे गेली. शेवटच्या स्टॉपला तिने हँडब्रेक ओढला आणि भुंगा वाजला. तिने चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला.

"सात नंबर, आज वेळेवर पोचलात. कारण कळवा."

तिने एक-एक अक्षर हुडकून लिहिलं:

"पुढे बघत होते, मॅडम."